पाखरांचा हिस्सा

आमच्या संशोधन केंद्राच्या यंदाच्या वार्षिक अहवालात सत्तेचाळिसाव्या पानावर एक ओळ छापली आहे : ‘प्रयोग क्रमांक नऊ, रब्बी ज्वारी. राखणदाराच्या दुर्लक्षामुळे पक्ष्यांकडून संपूर्ण नुकसान.’ ही ओळ धादांत खोटी आहे. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण ती माझ्याच हातची आहे. ज्या बाईच्या डोक्यावर हे खापर फुटलं तिची हकीकत राग आवरून लिहायचा मी तीनदा प्रयत्न केला. जमलं नाही. आता रागानंच लिहितो.

तिचं नाव शमशाद. केंद्रावर सगळे तिला चाची म्हणतात. मी इंद्रजीत, तिथला कृषी सहाय्यक. केंद्राचं नाव सांगत नाही. चिकलठाण्याच्या विमानतळापलीकडं आमचं रान आहे, एवढं पुरे. कमी पाण्यात तगणारी ज्वारी शोधून कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात द्यायची, हे आमचं काम. निदान फाटकावरच्या पाटीवर तरी तसं लिहिलेलं आहे.

चाची पाखरं राखायची. सव्वीस वर्षं रोजंदारीवर. नवरा निजामुद्दीन औरंगपुऱ्यात हातगाडीवर फळं विकायचा. तो गेला आणि नारेगावच्या दोन खोल्या आणि तीन लेकरं तिच्या अंगावर पडली, तेव्हा ती आमच्या फाटकात आली. पोरं मोठी झाली, आपापल्या वाटेला लागली. ही मात्र सकाळी साडेसहाला फाटकात हजर. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्यावर घट्ट पदर, खांद्यावर गोफण आणि कमरेला कापडी पिशवी. पिशवीत तिनं स्वतः वळून वाळवलेल्या काळ्या मातीच्या गोळ्या. दगड ती गोफणीत कधी घालायची नाही. पाखराला लागेल म्हणून.

“पाखराला मारायचं नसतं भाऊ, हाकलायचं असतं,” असं तिनं मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

मी तेव्हा नवा होतो, पुस्तकातून आलेला. तिला वाऱ्याचा कल बघून कळायचं की आज चिमण्या कुठल्या बाजूनं उतरणार. तिच्या राखणीत एका प्रयोगाचं कणीस कधी फुकट गेलं नाही. याचं कारण नुसती गोफण नव्हती. तिचा एक करार होता. प्रयोगाच्या चहूबाजूंनी आम्ही दोन-दोन ओळी जादा पेरतो. त्यांची मोजमापं घेत नाहीत. आतल्या पिकाला आडोसा म्हणून त्या असतात. त्या कडेच्या ओळी चाची पाखरांना सोडून द्यायची. तिथं बसलेल्या थव्याकडं ती बघायचीसुद्धा नाही. थवा आत सरकला की गोळी सुटायची, पुन्हा कडेला गेला की गोफण खाली.

“त्यांचा हिस्सा त्यांना दिला की ते आपल्याला हात लावत नायत,” ती म्हणायची. “माणसाचं तसं नाय.”

आम्ही हसायचो. हसण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे.

आता नऊ नंबरच्या प्रयोगाबद्दल. दोन हजार अठराच्या दुष्काळात रब्बी ज्वारीला खडखड्या रोगानं झोपवलं. जमिनीत ओल नसली की दाणा भरायच्या वेळेला हा रोग ज्वारीचं ताट, म्हणजे धांडा, बुडातून पोकळ करतो आणि वाऱ्याच्या एका झुळकीनं ते खडखडत आडवं होतं. आमच्या रानातलीही ताटं आडवी झाली होती, त्यात आमची नावाजलेली वाणंही होती. चाची त्या हिवाळ्यात चार दिवस माहेरी पिशोरला जाऊन आली. येताना ओच्यात पाच कणसं घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

“अब्बाच्या रानात हा जोंधळा उभा हाये. बाकी समदं पडलं. बघा काय करायचं ते.”

मी ती कणसं कपाटावर ठेवली आणि विसरलो. हेही लिहितो, कारण लपवून आता उपयोग नाही. ती धूळ खात तशीच राहिली असती, पण त्याच वर्षी तनुजा मॅडम करारावर रुजू झाल्या. वय तिशीच्या आत, डोळा तीक्ष्ण. त्यांनी विचारलं, हे काय आहे. चाचीनं सांगितलं. मॅडम दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गाडीवरून पिशोरला गेल्या, ते रान पाहून आल्या आणि त्यांनी तो जोंधळा आमच्या एका चांगल्या वाणाशी संकरित केला.

मग सुरू झाली ती निवड. दर वर्षी पेरायचं, दर वर्षी पाणी तोडायचं, जी ताटं पडतील ती पडू द्यायची आणि जी उभी राहतील त्यांचंच बी पुढच्या वर्षी धरायचं. ऐकायला सोपं वाटतं. हजारो ताटांतून बरोबर ताट ओळखायला डोळा लागतो आणि तो चाचीकडं होता. मॅडम वही घेऊन पुढं चालायच्या आणि चाची मागून म्हणायची, “हे नक्को. ह्याची पानं हिरवी दिसत्यात, पण बुडाशी भुसभुशीत हाये.” ताट उभं चिरलं की आत खरंच राखेच्या रंगाचा कापूस निघायचा. मॅडमनी एका सभेत ‘हे वाण आम्ही दोघींनी काढलं आहे’ असं म्हटलं, तेव्हा खाली बसलेले मोठे लोक कौतुकानं हसले. लहान मूल काहीतरी गोड बोललं की हसतात तसे.

सात वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात रान पुन्हा कोरडं पडलं आणि नऊ नंबरच्या एका ओळीतली अकरा ताटं उभी राहिली. नुसती उभी नव्हती, जानेवारीच्या मध्याला बुडापर्यंत हिरवी होती. दाणा मोत्यासारखा भरत होता. सगळ्या ओळीवर आम्ही कागदी पिशव्या घातल्या होत्या, परागकण बाहेरून येऊ नयेत म्हणून. पुढं पाखरांपासून कणसं वाचावीत म्हणून त्या तशाच ठेवल्या. त्यातल्या या अकरा ताटांना चाचीनं कणसाखाली लाल दोरा बांधला आणि मॅडमनी नंबराचं लेबल अडकवलं. मागच्या पिढीचं बी म्हणाल तर ते डब्यात सोंडे लागून पीठ झालं होतं, कारण बी ठेवायचं शीतकपाट जूनपासून बंद होतं आणि दुरुस्तीचा कागद वर गेला होता तो वरच राहिला होता. पिशोरला चाचीच्या भावांनी जोंधळा मोडून अद्रक लावलं होतं. म्हणजे त्या अकरा कणसांबाहेर हे बी जगात कुठंच नव्हतं. महिनाभर थांबलं की पक्व झालं असतं.

आणि मग आढावा समिती आली.

दुष्काळात तगणाऱ्या वाणांच्या संशोधनाचा आढावा घ्यायला पंचवीस माणसं पाच गाड्यांतून आली. मॅडम त्या दिवशी परगावी दुसऱ्या बैठकीला होत्या. समितीनं सभागृहात पंखे लावून पडद्यावर चित्रं पाहिली. रानात कुणी गेलं नाही, बुटांना चिखल लागेल म्हणावं तर चिखलही नव्हता. दुपारनंतर हुरडा. आमच्याकडं हा रिवाजच आहे : जानेवारीत पाहुणे आले की आंब्याखाली आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची, चोळून गरम हुरडा ताटलीत द्यायचा, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं. हुरडा चोळायला चाचीसारखा हात नाही, म्हणून केंद्रप्रमुख साहेबांनी सकाळीच तिला रानातून उठवून आगटीवर बसवलं. राखण त्या दिवशी बंद.

दर वर्षी हुरड्याला कडेच्या ओळींतली, पाखरांनी सोडलेली कणसं तोडायचो. त्या दिवशी आमचा मुकादम सांडू विळा घेऊन गेला आणि दहा मिनिटांनी मला त्याचा फोन आला. “साहेब, कडेचं समदं पाखरांनी टोचलंय. अर्धे दाणे नायत.”

मी साहेबांच्या शेजारी उभा होतो. पाहुणे हात धुवून बसले होते. मी फोनवर म्हणालो, “उष्टी आणू नको रे पाहुण्यांना. पिशवीतली चांगली बघ आणि आण लवकर.”

हे माझे शब्द. माझ्या डोक्यात शेजारच्या बारा नंबरच्या पिशव्या होत्या, ज्यांची गरज संपली होती. पण मी नंबर सांगितला नाही. सांडूनं विचारला नाही. आपल्याकडं पाहुण्याला उष्टं द्यायचं नसतं, मग ते पाखराचं का असेना. एवढ्या एका गोष्टीवर आम्हा दोघांचं क्षणात एकमत झालं. सांडू नऊ नंबरात शिरला आणि सगळ्यात टपोरी, सगळ्यात नितळ कणसं पिशवीतून काढून टोपली भरेपर्यंत मानेला कापत गेला. माणूस प्रामाणिक. लेबलं हरवू नयेत म्हणून त्यानं ती सोडवून खिशात ठेवली, नंबराच्या क्रमानं.

आगटीवर चाचीनं पहिलं कणीस चोळलं आणि तिचा हात थांबला. मी समोर होतो, मला दिसलं. दाणा एका चोळ्यात सुटला होता आणि हातात काळपट तूस राहिलं होतं, पिशोरच्या जोंधळ्याचं असतं तसं. तिनं दुसरं चोळलं. मग पुढं वाकून राखेतून भाजलेलं एक दांडकं उचललं. त्याला अर्धा जळालेला लाल दोरा होता.

“सांडू,” ती म्हणाली, “कुठली तोडली?”

सांडूनं खिशातून अकरा लेबलं काढून तिच्यापुढं धरली. “हरवली नायत चाची. समदी हायेत.”

त्याच वेळी एका पाहुण्यानं रिकामी ताटली पुढं केली. “अजून थोडा. काय गोड आहे हो! कुठलं वाण?”

चाची उठली. ओंजळीतला गरम दाणा तिनं त्या ताटलीत टाकला नाही, खालीही टाकला नाही. तशीच उभी राहिली. हात भाजत असणार.

“काय झालं चाची?” साहेबांनी विचारलं.

“काय नाय. बी खाल्लं तुम्ही.”

मग तो पाहुणा हसून म्हणाला, “पण बी मस्त होतं हां!” आणि सगळे हसले. मी हसलो नाही, एवढंच स्वतःच्या बाजूनं सांगू शकतो. कारण माझ्या तोंडात घास होता. दुसरी ताटली चालली होती माझी.

कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, ते असं. ज्या समितीला दुष्काळात तगणारी ज्वारी बघायची होती तिनं ती चटणी लावून खाल्ली आणि बोटं पुसून अभिप्राय लिहिला की, प्रत्यक्ष निष्पत्ती दाखवण्यात केंद्र कमी पडत आहे. अभिप्राय माझ्या फायलीत आहे. अजूनही वाचला की कानशिलं तापतात.

मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या. रानात गेल्या, मान कापलेली ताटं पाहिली आणि बांधावर बसून रडल्या. चाची रडली नाही. ती रानात ताटांच्या बुडाशी बसून बोटानं माती उकरत होती.

“पोरी, रडू नक्को. ही ताटं जिती हायेत. बुडाशी हिरवी हायेत. हातभर ठेवून कापली आन पाणी दिलं तर फुटवा येतो. आमच्यात कडबा कापल्यावर जनावरं फुटव्यावर सोडत्यात. जोंधळ्याला जोर असला तर फुटव्याला कणीसबी लागतं.”

मॅडमचे डोळे एकदम मोठे झाले. त्यांना ते पुस्तकातून ठाऊक होतंच. त्या घटकेला सुचलं नव्हतं. तेच ताट, तेच मूळ, म्हणजे तेच बी. एप्रिलपर्यंत ते अकरा बुडखे जगवले तर सात वर्षं वाचत होती. चाचीनं तिथंच विळा मागवून अकरा ताटं हातभर ठेवून कापली आणि विहिरीवरून दोन कॅन पाणी आणलं. आठ दिवसांत पाच बुडख्यांना हिरवे कोंब आले, बाराव्या दिवशी अकराही फुटले होते. इतक्या वर्षांत मी तिला एवढं खूश पाहिलं नव्हतं.

तेराव्या दिवशी साहेबांनी आम्हाला आत बोलावलं.

आमचे साहेब ओरडत नाहीत. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. हे मऊ बोलतात, समोरच्याला चहा सांगतात आणि तोवर तुमच्या पायाखालची सतरंजी गुंडाळून झालेली असते. मॅडम, मी, सांडू उभे होतो. साहेब म्हणाले, “शमशादबी, बसा ना.” सव्वीस वर्षांत त्या खोलीत तिला पहिल्यांदा खुर्ची मिळाली.

“असं आहे,” साहेब म्हणाले, “नऊ नंबरचं पीक कुठं गेलं, हे अहवालात लिहावं लागेल. हुरड्याला वापरलं असं कागदावर आलं तर चौकशी लागेल. मॅडमचा करार मार्चमध्ये संपतोय, तो वाढायचा नाही. सांडूची नोकरी जाईल. आणि इंद्रजीत, पिशवीतली आणा असं तुम्हीच म्हणालात ना?”

मी मान हलवली. पार्टी कुणाच्या हुकमावरून होती, हा प्रश्न त्या खोलीत कुणी विचारला नाही. मीही मिठाची गुळणी धरून बसलो.

“पक्ष्यांनी खाल्लं असं लिहिलं तर कुणाचंच काही जात नाही.”

“माझं जातं,” चाची म्हणाली.

“तुमचं काय जातं? दोन वर्षांत तुम्हाला थांबायचंच आहे. फार तर आता थांबा.”

“साहेब, पाखरांनी खाल्लं नाय. पाखरं कडेलाच होती. पाखरं इळ्यानं कापत नायत. ती ताटं दाखवू का तुम्हाला?”

“ताटांचंच बोलतोय मी,” साहेब म्हणाले. “प्रयोग रद्द झाला की ते रान मोकळं करावं लागेल. सोमवारी ट्रॅक्टर घालायचाय, उन्हाळी भुईमुगासाठी. आता जबाब व्यवस्थित असेल, प्रकरण मिटलं असेल, तर एखादी ओळ एप्रिलपर्यंत राहायला माझी हरकत नाही.”

मॅडम पुढं झाल्या. “चाची, सही करू नका. मी वर लिहिते. माझा करार गेला तर जाऊ दे.”

“वर लिहिलं तर उत्तर कधी येतं, पोरी?”

शीतकपाटाचं उत्तर आठ महिन्यांत आलं नव्हतं. ट्रॅक्टर सोमवारी येणार होता.

चाचीनं साहेबांकडं पाहिलं. “सही केली तर ओळ राहील?”

“राहील.”

“लिहून द्या.”

“असं लिहून देता येत नाही हो, शमशादबी. शब्द देतो.”

बघा हा न्याय. खोटं लिहून घेता येतं, खरं लिहून देता येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानं दोर स्वतः विणून आणायचा. जबाब लिहायचं काम कुणाचं? माझं. अक्षर चांगलं आहे ना माझं.

मी बाहेरच्या टेबलावर जबाब लिहिला. चाची पिशोरच्या उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. मराठी बोलते आपल्यासारखी, पण वाचता येत नाही. म्हणून मला तो तिला वाचून दाखवावा लागला. ‘मी शमशादबी निजामुद्दीन, रोजंदार राखणदार, लिहून देते की, सदर दिवशी मी प्रयोग क्रमांक नऊमध्ये गैरहजर होते...’ एवढं एक वाक्य खरं होतं. ती गैरहजर होती, कारण आगटीवर बसून समितीला हुरडा चोळून देत होती. पुढचं वाक्य मी घाईघाईत वाचलं.

“थांबा,” ती म्हणाली. “परत वाचा.”

“‘माझ्या दुर्लक्षामुळे पक्ष्यांनी संपूर्ण पीक खाल्ले.’”

“दुर्लक्ष म्हंजे?”

तिला शब्द माहीत नसेल असं मला वाटत नाही. सव्वीस वर्षं सरकारी माणसांत वावरलेली बाई. तिला तो माझ्या तोंडून ऐकायचा होता.

“दुर्लक्ष म्हणजे... लक्ष दिलं नाही.”

“कुणी?”

मी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. शेवटी म्हणालो, “राखणदारानं.”

“हौ,” ती म्हणाली. पेन घेतलं आणि उजवीकडून डावीकडं, सावकाश, उर्दूत सही केली. मग कमरेची पिशवी सोडून टेबलावर ठेवली, गोफण त्यावर ठेवली. “गोळ्या दोन महिने पुरतील. पाणी दिवसाआड. जास्त घालू नका, कुजेल.”

एक फेब्रुवारीपासून हजेरीपटावर तिचं नाव नाही. निरोप नाही, नारळ नाही. फाटकावर सूचना गेली की, कामावर नसलेल्या मजुरांना आत सोडू नये. त्यामुळं आपले अकरा बुडखे बघायलाही तिला येता आलं नाही. एकदा रस्त्याच्या कडेनं, कुंपणाच्या तारेतून बघत उभी राहिलेली सांडूला दिसली. त्यानं मला सांगितलं.

साहेबांनी शब्द पाळला, हे कबूल करतो. सोमवारी ट्रॅक्टर आला, सगळं नऊ नंबर नांगरून गेला, मधली एक ओळ तेवढी ठेवली. मी दिवसाआड पाणी घातलं. सकाळी गोफण घेऊन उभा राहिलो. पहिल्याच दिवशी गोळी मागं जाऊन माझ्याच पाठीत बसली. दोन बुडखे खोडमाशीनं गेले. नऊंना कणसं आली, लहान, पण भरदार. मी पिशव्या घातल्या, लाल दोरे बांधले. मॅडमचा करार आणखी तीन महिन्यांसाठी वाढला होता. त्या रोज येऊन नऊ मोजायच्या आणि जायच्या.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी सकाळी आठला बैठक लावली. मी बैठकीला गेलो. कशासाठी होती ती बैठक, आज आठवतसुद्धा नाही. साडेनऊला रानात आलो तर चिमण्यांचा थवा उठला. दोन पिशव्या फाटलेल्या होत्या. आत नुसती काडी.

सात कणसं पक्व झाली. सात का होईना, बी वाचलं. मॅडमनी ती मळली, दाणा मोजला, डब्यात भरला आणि डबा केंद्रात न ठेवता स्वतःच्या घरी नेला. मी मूठभर दाणे कागदात बांधून नारेगावला गेलो. खरं तर तोंड दाखवायची हिंमत नव्हती, पण चांगली बातमी आहे म्हणून गेलो.

चाची उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. मी पुडी तिच्या हातात दिली. तिनं दाणे तळहातावर घेतले, बोटानं फिरवले, एक दाताखाली धरून पाहिला. चेहरा उजळला.

“किती आली?”

“सात.”

“अकरातली?”

“दोन खोडमाशीनं गेली.”

“जाणारच. उशिराच्या फुटव्याला माशी लागतीच.” तिनं बोटं मोजली. “आन दोन?”

मी चपलेकडं बघत होतो. “पाखरांनी खाल्ली.”

“कडेला काय ठेवलं होतं त्यांच्यासाठी?”

“काही नाही. कडेच्या ओळी ट्रॅक्टरनं मोडल्या.”

“मग ती कुठं जातील?” तिनं दाणे परत पुडीत भरले, पुडीची घडी घातली, दोरा गुंडाळला. “आन तुम्ही कुठं होता?”

“बैठकीला.”

तिनं पुडी मांडीवर ठेवली. ओरडली नाही. तोडून, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, “म्हंजे राखणदाराचं दुर्लक्ष झालं.”

तो शब्द मीच तिला समजावून सांगितला होता.